स्वस्त कासवांचा काळ

विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत इंग्लंडातल्या साध्यासुध्या घराच्या परसात कासव दिसणे ही मुळीच नवलाची गोष्ट नव्हती. कासव आलेले असे मोरोक्कोतून, तुर्कस्तानातून किंवा युगोस्लाव्हियातून, पण त्याची बडदास्त खास इंग्रजी. ते कुंपणाखालून निसटू नये म्हणून पाठीच्या मागच्या कडेला गिरमिटाने भोक पाडत, त्यात दोरी ओवत आणि दोरीचे दुसरे टोक हिरवळीत ठोकलेल्या खुंटीला बांधत. पाठीवर रंगाने नाव किंवा घराचा नंबर लिहीत. चिंधीवर ऑलिव्ह तेल घेऊन पाठ चकाकेपर्यंत पुसणे हा तर कौतुकाचाच भाग होता. खायला दुधात कुस्करलेला पाव. यातले एकही काम कोणी दुष्टपणाने करत नव्हते, आणि एकही काम कासवाच्या हिताचे नव्हते. कासवाची पाठ म्हणजे अंगावर चढवलेले चिलखत नव्हे. वर केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच जातीचे खवले, आणि त्यांच्या लगेच खाली जिवंत हाड. कणा आणि बरगड्या याच हाडात एकजीव झालेल्या असतात, त्यात रक्त खेळते, त्याला स्पर्श कळतो. गिरमिट खवल्यातून पार झाले की ते हाडातच घुसते. तेलाला धूळ चिकटते, खवल्यांच्या सांध्यांत मळ धरतो आणि बुरशीला आयती जागा मिळते. मानेच्या आणि मांड्यांच्या मऊ कातडीत कित्येकदा मूळ देशातूनच आलेले गोचीड रुतून बसलेले असत. त्यांच्याकडे मात्र चकाकत्या पाठीपुढे कोणाचे लक्ष जात नसे.

या साऱ्याचे नेहमीचे स्पष्टीकरण अज्ञान हे असते. लोकांना तेव्हा माहीत नव्हते, पुढे विज्ञान आले, दिवे आले, पुस्तके आली आणि कासवांचे दिवस पालटले, अशी ही सरळ चढती कथा आहे. मला ती पटत नाही. पाळीव कासवाला काय लागते याची मुख्य सूत्रे इंग्लंडात बऱ्याच आधीपासून माहीत होती. त्यातली काही अठराव्या शतकात, तर बाकीची १९३० च्या आत. तरीही सर्वसाधारण घरातले कासव त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक तसेच खुंटीला राहिले. त्याचे कारण ज्ञानाच्या इतिहासात सापडत नाही. ते बाजाराच्या इतिहासात सापडते. कासव स्वस्त होते तोवर त्याच्या कातडीची, हाडांची आणि घराची चिंता करणे कोणालाच परवडणारे वाटले नाही. ते महाग झाले तेव्हा हीच चिंता रातोरात शास्त्र बनली.

पहिला पुरावा गिल्बर्ट व्हाइटचा. हॅम्पशर परगण्यातल्या सेलबर्न गावचा हा पाद्री. त्याचे निसर्गनिरीक्षणाचे पुस्तक १७८९ मध्ये आले आणि आजही छापले जाते. त्याची आत्या ससेक्समधल्या रिंगमर गावी राहत असे. तिच्याकडे टिमथी नावाचे कासव होते. आत्या वारल्यावर, मार्च १७८० मध्ये, व्हाइटने ते हिवाळी झोपेतून उकरून काढले आणि मातीच्या पेटीत घालून भाड्याच्या घोडागाडीने ऐंशी मैलांचा प्रवास करून घरी आणले. पुढची तेरा वर्षे तो त्याच्या नोंदी करत राहिला. ते नोव्हेंबरात जमिनीत शिरते आणि एप्रिलच्या मध्यावर वर येते. शरद ऋतूत ऊन मंदावले की फळझाडांच्या भिंतीला पाठ टेकवून तिरपे राहते, म्हणजे सूर्याचा प्रत्येक दुबळा किरण पदरात पडावा. भरल्या गाडीचे चाक सोसेल अशी पाठ असूनही पावसाचे चार थेंब पडू लागले की घाईघाईने आडोशाला पळते. एकदा त्याने टिमथीला पाण्याच्या टपात सोडून पाहिले, तेव्हा ते हळूहळू बुडाले आणि बावरून तळाशी चालू लागले. म्हणजे हा पाण्यातला जीव नव्हे हेही त्याने पाहून घेतले. तराजूत घालून त्याचे वजनही तो करत असे, ते तीन किलोंच्या आसपास भरे. ऊब हवी, ऊन हवे, कोरडा आडोसा हवा, स्वतःची जागा स्वतः निवडायची मोकळीक हवी आणि वजनावर नजर हवी, एवढे सगळे या नोंदींत आहे. दोनशे वर्षांनंतरच्या हस्तपुस्तिकांनी त्यात आकडे भरले, हे खरे. पण हाडांचा सांगाडा इथेच उभा होता. आणि या नोंदी कुठल्या मठात कुलूपबंद नव्हत्या. व्हाइटचे पुस्तक इंग्रजी घराघरांत होते, आणि सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर या लेखिकेने तर १९४६ मध्ये टिमथीविषयीच्या नोंदी वेगळ्या काढून त्यांचे स्वतंत्र पुस्तक केले. जाता जाता एक गंमत. टिमथी ही मादी होती, हे तिच्या मृत्यूनंतर कवच तपासल्यावर कळले. बीबीसीच्या मुलांच्या ‘ब्लू पीटर’ या कार्यक्रमात १९६३ साली आलेला फ्रेड पुढे फ्रेडा ठरला. क्रिमियन युद्धाच्या काळात आरमारी जहाजावर असलेली आणि २००४ पर्यंत जगलेली दुसरी टिमथीसुद्धा मादीच निघाली. कासवाला नीट उलटे करून पाहण्याची तसदी या देशाने फारशी घेतली नाही, एवढे तरी यातून दिसते.

दुसरी बाजू व्यापाराची. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५१ च्या सुमारास लंडनच्या फेरीवाल्यांची जी प्रचंड पाहणी केली, तिच्यात सोनेरी मासे, बेडूक, गोगलगाई आणि हेजहॉग विकणाऱ्यांच्या जोडीला कासवे विकणारेही आहेत. विसाव्या शतकात हाच धंदा हातगाडीवरून पाळीव प्राण्यांच्या दुकानांत गेला आणि आकाराने अवाढव्य झाला. भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांत गावकरी माळरानावरून कासवे वेचत, दलालाला नगावर विकत, आणि ती टोपल्यांत, खोक्यांत एकावर एक रचून बोटीने उत्तरेकडे जात. अशी लाखो कासवे ब्रिटनमध्ये उतरली. धंद्याचा हंगाम वसंताचा. उन्हाळ्यात कासव गवतावर फिरे, शरदात त्याला पेंढा भरलेल्या पेटीत घालून माळ्यावर किंवा गॅरेजात ठेवत. ‘ब्लू पीटर’ने दर वर्षी पडद्यावर कासवाला असे निजवून हा विधी देशभर नेला. पुष्कळ कासवे त्या पेटीतून जिवंत बाहेर आली नाहीत. आयात झालेल्यांपैकी बहुसंख्य पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच मरतात, हे सत्तरच्या दशकातल्या पाहण्यांनी दाखवले. प्राणिरक्षक संस्था ते आधीपासूनच ओरडून सांगत होत्या. इथे कासवाचा स्वभावच त्याच्यावर उलटला. कुत्रे उपाशी राहिले तर आठवड्यात कळते. कासवाला मरायला महिने लागतात. जूनमध्ये आजारी पडलेले, ऑगस्टमध्ये खाणे सोडलेले कासव ऑक्टोबरात पेटीत जाई आणि मार्चमध्ये मेलेले सापडे. घरचे म्हणत, बिचारे झोपेत गेले. कारण आणि परिणाम यांच्यात अख्खा हिवाळा आडवा पडलेला असल्यामुळे चूक कुठे झाली हे शोधायची गरजच कोणाला भासत नसे, आणि तोवर दुकानात नवा माल आलेला असे. चार-दोन शिलिंगांत दुसरे मिळत असताना पहिल्याच्या मृत्यूची चौकशी कोण करणार?

पण टिमथी तर इंग्लंडात पन्नासएक वर्षे जगली, दुसरी टिमथी दीडशेच्या आसपास पोचली, आणि धर्मगुरूंच्या लँबेथ राजवाड्यात १६३३ साली आणलेले कासव १७५३ पर्यंत होते असे सांगतात. मग तेव्हाची पद्धत इतकी वाईट कशी, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. जगलेल्या कासवांना नावे मिळाली, त्यांच्या गोष्टी झाल्या, त्यांची कवचे संग्रहालयांत गेली; टिमथीचे कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. मेलेली कचऱ्यात गेली. शिवाय जगलेल्यांकडे पाहिले तर ती प्रशस्त, भिंतींनी वेढलेल्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या बागांत होती आणि त्यांच्यामागे माळी होता. लँबेथचे कासव माळ्याच्या हयगयीने थंडीत सापडून मेले, असे तिथली परंपरा सांगते, म्हणजे काळजी सुटताक्षणी काय होते हेही त्याच गोष्टीत आहे.

आता उन्हाचे शास्त्र. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत युरोपातल्या उपासमारीच्या शहरांत मुडदूस झालेल्या मुलांवर जे काम झाले, त्यातून कातडी, सूर्यप्रकाश आणि हाडे यांचे नाते उलगडले. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने १९१९ मध्ये पाऱ्याच्या क्वार्ट्‌झ दिव्याखाली मुले बरी करून दाखवली. व्हिएन्नात हॅरिएट चिक यांच्या पथकाने कॉड माशाचे तेल आणि ऊन हे दोन्ही उपाय लागू पडतात हे सिद्ध केले. सूर्यकिरणांतला अतिनील भाग कातडीत ड जीवनसत्त्व घडवतो, ते नसेल तर अन्नातला चुना हाडात मुरत नाही, आणि साधी खिडकीची काच नेमका हाच भाग अडवते, इतके विसाच्या दशकात स्पष्ट झाले होते. कासवाच्या बाबतीत हाड म्हणजे त्याची पाठही असल्यामुळे मुडदूस झालेल्या कासवाची पाठ बोटाने दाबली जाते. हे ज्ञान प्राण्यांपर्यंत पोचायलाही वेळ लागला नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२३ साली सरपटणाऱ्या प्राण्यांची सूत्रे जोन बोशँप प्रॉक्टर या तरुण संशोधिकेच्या हाती आली. प्रकृतीने ती कायमची अधू होती, पण कोमोडोच्या घोरपडीला बरोबर घेऊन प्राणिसंग्रहालयात हिंडण्याची तिची तडफ होती. तिच्या देखरेखीखाली १९२७ मध्ये तिथे नवे सर्पगृह उभे राहिले. त्यात जागोजागी वेगवेगळे तापमान राखणारी विजेची ऊब होती आणि अतिनील किरण आत येऊ देणारी ‘व्हिटाग्लास’ ही खास काच. एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला गारवा आणि वरून खरा प्रकाश हे आजच्या घरगुती कासवपेटीचे तत्त्व तिथे विटा-काचेत उभे होते, आणि तिकीट काढून कोणालाही पाहता येत होते. त्याच शहरात, त्याच वर्षी, परसातली कासवे पाव-दुधावर होती.

इथे एक आक्षेप रास्त आहे. प्राणिसंग्रहालयाला परवडेल ते घराला कसे परवडावे? घरी लावता येतील असे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचे अतिनील नळीदिवे बाजारात सर्रास मिळू लागले ते १९९० च्या दशकात. हे मान्य. पण जे बिघडत होते त्यातले किती दिव्यावाचून अडले होते? भोक पाडणे थांबवायला दिवा लागत नाही. तेलाची चिंधी ठेवून द्यायला, पाव-दूध बंद करून तणे, पाला द्यायला, गोचीड उपटायला, अशक्त कासवाला पेटीत न घालायला पैसा लागत नव्हता. उबेसाठी साधा पिवळा बल्ब पुरे होता, आणि बागकामवेड्या इंग्लंडात रोपांसाठीच्या काचेच्या पेट्यांना तोटा नव्हता. काच वर उचलून ठेवली की ऊनही आत. काकड्यांसाठी जे केले जात होते ते कासवासाठी केले गेले नाही, कारण काकडी मेली तर हंगाम जाई आणि कासव मेले तर काही शिलिंग.

बाजार बदलला तो कायद्याने. दुर्मिळ प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला आळा घालणारा साइटीस करार १९७३ मध्ये झाला, १९७५ पासून अमलात आला, आणि त्याच्या पाठोपाठ युरोपीय समुदायाच्या नियमाने १९८४ पासून भूमध्य परिसरातल्या प्रमुख जातींची व्यापारी आयात बंद झाली. रानातून वेचलेल्या मालाचा ओघ आटला. ज्यांच्याकडे कासवे उरली होती त्यांच्या हातात एकाएकी जिच्या जागी दुसरी आणता येणार नाही अशी वस्तू आली, आणि नवीन हवे असतील त्यांना अंड्यांपासून सुरुवात करणे भाग पडले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत घरगुती पालनात जे बदल झाले ते त्याआधीच्या शंभर वर्षांत झाले नव्हते. ऑलिफंट जॅक्सन या पशुवैद्याने १९८० च्या सुमारास पाठीची लांबी आणि वजन यांचा आलेख प्रसिद्ध केला होता. कोणते कासव हिवाळी झोप सोसेल आणि कोणते नाही हे त्यावरून ताडता येई. तो आता घराघरांत वापरात आला, आणि टिमथीचा तराजू पुन्हा बाहेर निघाला. पेंढ्याची पेटी माळ्यावरून उतरली. माळ्यावर एका रात्री तापमान शून्याखाली जाऊन डोळे कायमचे अधू व्हायचे, तर दुसऱ्या दिवशी ऊन पडून कासव अर्धवट जागे व्हायचे आणि साठवलेली चरबी जाळून टाकायचे. म्हणून काहींनी कासवाला सरळ घरच्या फ्रिजमध्ये निजवायला सुरुवात केली. पाच अंशांच्या आसपास काटा, आत थर्मामीटर, हवेसाठी रोज क्षणभर दार उघडणे आणि ठरावीक दिवसांनी वजन, अशी ती शिस्त. ऐकायला विचित्र, पण माळ्यापेक्षा कितीतरी भरवशाची. घरातल्या जागेचेही रूप बदलले. चहूबाजूंनी बंद काचपेटी मागे पडली, कारण तिच्यात सगळीकडे सारखीच ऊब कोंडते आणि कासवाला थंड व्हायला जागाच उरत नाही. तिच्या ऐवजी वरून उघडे, फळ्यांचे लांबट ‘टॉर्टोइज टेबल’ आले. एका टोकाला दिवा आणि त्याखाली पस्तीस अंशांपर्यंत तापणारा सपाट दगड, दुसऱ्या टोकाला विशीतला गारवा, तळाशी माती-वाळूचा जाड थर, बसता येईल अशी उथळ पाण्याची ताटली. गिल्बर्ट व्हाइटची भिंत आता लाकडी पेटीत आली.

पैसा आणि टंचाई आली म्हणजे चुका होत नाहीत असे मात्र नव्हे. घरात वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर खवल्याखवल्याला टेंगूळ येऊन ती डोंगररांगेसारखी होऊ लागली. याला ‘पिरॅमिडिंग’ म्हणतात. त्याचा ठपका बरीच वर्षे प्रथिनांवर होता. फार पौष्टिक खाऊ घालता म्हणून पाठ बिघडते, असे सगळे म्हणत. व्हिएन्नातल्याच वीस्नर आणि इबेन या दोघांनी २००३ मध्ये आफ्रिकन काटेरी कासवांची पिल्ले कोरड्या आणि दमट हवेत, कमी-जास्त प्रथिनांवर वाढवून पाहिली. टेंगळांचा मुख्य संबंध हवेतल्या ओलाव्याशी निघाला, प्रथिनांचा वाटा किरकोळ. कोरड्या दिव्याखाली वाळणारा कोवळा खवला सपाट पसरू शकत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. रानात पिल्ले मुळांशी, ओलसर मातीत दडून वाढतात. उघड्या टेबलावर ती दिवसभर भाजत होती. परिणामी पिल्लांपुरती तरी बंद, दमट पेटी परत आली आणि टेबलवाले व पेटीवाले यांचे भांडण आजही मिटलेले नाही. अतिनील दिव्यांच्या काही सुरुवातीच्या नमुन्यांनी प्राण्यांच्या डोळ्यांना इजा केली, तेव्हा किती किरण हवे हे मोजण्याचे वेगळे शास्त्र उभे राहिले. मला इथे महत्त्वाचे वाटते ते एवढेच की हे प्रश्न विचारले गेले. पाठीवरचे टेंगूळ ही कोणाला तरी चौकशीची बाब वाटली. हातगाडीच्या काळात ती वाटली नसती, कारण तेवढे मोठे होईपर्यंत पिल्लू जगतच नव्हते.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप असा की जाणकारांची चळवळ बंदीच्या आधीची आहे. ब्रिटिश केलोनिया ग्रुप ही संस्था १९७६ ची. बंदीसाठी आवाज उठवणाऱ्यांत असेच लोक होते. म्हणजे आधी कळकळ, मग कायदा, मग महागाई. क्रम बरोबर आहे, आणि या मंडळींचे श्रेय कोणी काढून घेऊ नये. पण त्यांचे ऐकणारे थोडे होते. बंदीमुळे त्यांचा सल्ला दुकानदाराचा सल्ला झाला, हा फरक मोठा आहे. दुसरा आक्षेप, महागाईने चोरटा व्यापार वाढवला आणि मध्य आशियातल्या हॉर्सफील्ड कासवासारख्या, बंदीत न आलेल्या जातींवर बोजा टाकला. हे खरेच घडले, आणि ते माझ्या मुद्द्याला बळच देते. जिथे जिथे एखादी जात स्वस्त राहिली तिथे जुन्याच सवयी परतल्या. अमेरिकेत पाण्यातल्या कासवांची नाण्याएवढी पिल्ले प्लॅस्टिकचे ताडाचे झाड लावलेल्या वाडग्यात, पाठीवर चित्रे रंगवून विकत. रंगाखाली पाठ वाढताना वेडीवाकडी होई. चार इंचांखालच्या कासवांची विक्री तिथे १९७५ मध्ये थांबली ती माणसांच्या मुलांना साल्मोनेलाची लागण होते म्हणून. कासवांची कणव त्या निर्णयात नव्हती.

आपल्याकडे आज दोन्ही काळ एकाच वेळी चालू आहेत. भारतातले तारांकित कासव परदेशी शौकिनांच्या बाजारात महाग आहे आणि म्हणूनच पिशव्यांत कोंबून विमानतळांवरून पळवले जाते. २०१९ मध्ये साइटीसने त्याला सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत घातले, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने ते अनुसूची एकमध्ये आले. भरभराटीसाठी ते घरात ठेवणारे लोक मुंबई-पुण्यातही आहेत. त्यांच्यासाठी दिवा, टेबल, ओलावा यांपैकी कशाचाही सल्ला लागू नाही. ते कासव बाळगणे हाच गुन्हा आहे आणि ते वनविभागाकडे देणे एवढाच मार्ग आहे. दुसरीकडे लाल कानांचे अमेरिकन कासव मत्स्यालयाच्या दुकानांत नाण्याएवढे असताना विकले जाते, बऱ्याचदा ना दिवा ना सुकी बैठक, नुसत्या पाण्याच्या काचपेटीत. ते ताटलीएवढे झाले की जवळच्या तळ्यात सोडले जाते आणि तिथल्या देशी कासवांच्या जागेवर हक्क सांगते. ज्यांच्याकडे ते आधीच आहे त्यांनी त्याला पाण्याबाहेर येऊन कोरडे होता येईल अशी फळी, तिच्यावर ऊब आणि अतिनील दिवा द्यावा, पाठीला तेल लावू नये, आणि काहीही झाले तरी ते तळ्यात वा विहिरीत सोडू नये.